पेव

हरिपूरच्या रस्त्याला चिंचा संपतात तिथं
मुजावर मामूंनी सायकल थांबवली,
टाचेनं जमीन ठोकली.
"हितं खाली पोकळ हाय. ऐका."
मला काही ऐकू आलं नाही.
मी भुंगे न्यायला आले होते,
हळकुंडात भोकं पाडणारे, तांबूस, तिळाएवढे.
बरणीच्या तोंडाला मलमल बांधलेली.

पेवात आधी कंदील सोडायचा, मामू सांगत होते.
कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही.
त्यांचे वडील उतरत.
नदी इतकी जवळ
की श्रावणात भिंतीला कान लावला तर पाणी ऐकू यायचं,
आणि हळद मात्र कोरडी, एक वर्ष, दोन वर्षं, चार.
"मातीच तशी. पाण्याला आत घेत न्हाई."

कॉलेजात मी ज्याच्या मागे होते
तेही एक पेवच.
शंभरेक मण्यांची माळ, तिची सहा वेटोळी,
चार सिस्टीन, त्यांच्यात गंधकाचे दोन टाके,
आणि मधल्या पोकळीत
एखादा तेलकट रेणू, पाण्यापासून लपलेला.
मिशीत सापडलं
म्हणून नाव पडलं रसायनसंवेदी प्रथिन.
देवळाच्या पायरीवर दिसला, म्हणून पुजारी
तसं.

मग ते पायात निघालं. पंखात. अंडाशयात.
झुरळाचा तुटलेला पाय पुन्हा उगवत होता, तिथं त्याची गर्दी.
मधमाशीच्या अंड्यात ते कातडं शिवत बसलेलं.
कुठं फवारणीचं विष पोटाशी धरून
किड्याला वाचवत असलेलं.
जनुकांचं नुसतं पेव फुटलं होतं
आणि दर दारावर तीच पाटी: वास.

मामूंच्या नावापुढे मस्टरवर: शिपाई.
फ्रीजच्या दाराला सायकलची ट्यूब लावून गारवा कोंडणारे,
कोणती अळी आज कात टाकणार हे माझ्याआधी सांगणारे,
परीक्षेच्या दिवशी चक्कर आलेल्या पोरींना
लिमलेटची गोळी देणारे.

जानेवारीत आम्ही एक जनुक गप्प केलं.
नावावर विश्वास ठेवून वहीत मी लिहिलं होतं:
भुंग्याला आता हळद सापडणार नाही.
जे भुंगे झाले
ते दोन फाट्यांच्या नळीत
न थांबता हळदीच्या फाट्याला वळले.
पण सतरांतले अकरा भुंगे झालेच नाहीत.
डोकं बाहेर, पाय जुन्या कातडीत,
अर्ध्या बाहीत अडकलेल्या पोरासारखे
तसेच वाळून गेले.

मामूंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.
"मॅडम, ह्येची भरतीच चुकीच्या खात्यात झालीया."

मे अखेर ते निवृत्त झाले.
शाल, भिंतीवरचं घड्याळ, प्राचार्यांचं भाषण
ज्यात त्यांचं नाव दोनदा चुकलं.

दहा जूनला मुंग्या आल्या.
कपाटाच्या पायांखाली चार वाट्या होत्या,
त्यांत रोज सकाळी कुणीतरी पाणी भरायचं,
हे वाट्या कोरड्या पडल्यावर कळलं.
बरणी बरणी रिकामी.
मुंग्या वासानं आल्या असणार,
त्यांच्याही मिशीत तेच, गंधकाच्या दोन टाक्यांचं.
की पायात? की आणखी कुठं?
मला आता ठामपणे काही सांगता येत नाही.

फोन केला. मामू सायकलवर आले,
हाताला अजून हळदीचा वास, आता मार्केट यार्डात तोलाईला जातात.
आल्या आल्या वाट्या घासायला बसले.
मी तक्ता उघडला. 'कार्य' या रकान्यात
माझ्याच अक्षरात एक शब्द होता: गंध.
तो खोडला नाही.
त्याच्यापुढे एक स्वल्पविराम दिला
आणि पेन तसंच धरून बसले.

मोरीतून मामू विचारत होते,
"चौथी वाटी कुठं गेली?"