उजवी बाही

नियमांच्या नव्या पुस्तिकेत एक आकृती आहे:
चेहरा नसलेला माणूस,
खांद्यापासून काखेच्या रेषेपर्यंत हिरवा,
त्याखाली बोटांपर्यंत लाल.
हिरव्याला चेंडू लागला, खेळ चालू.
लालला लागला, शिट्टी.

इतकं सोपं होतं तर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं
आणि पोलो ग्राउंडवरची ती संध्याकाळ
एकोणीस वर्षांनी परत सुरू झाली.
दांडिया बाजार विरुद्ध फतेगंज,
शून्य-शून्य, चार मिनिटं उरलेली,
कोपऱ्यावरून आलेला चेंडू,
आणि उद्धव निकुंभ, पाच नंबर,
तोंड फिरवून उडी मारलेला.
चेंडू लागला.
कुठे?

माझं बोट ठिपक्याकडे गेलं होतं.
बोट एकदा गेलं की गेलं.
पंच म्हणजे तरी काय,
एक शिट्टी, एक बोट,
मध्ये घामेजलेला कारकून.

उद्धव धावत नाही आला. चालत आला.
"साहेब, हाथ नथी. खभो छे."
एरवी माझ्याशी मराठीत बोलणारा पोरगा,
तेवढं एक वाक्य गुजरातीत,
सगळ्या मैदानाला कळावं म्हणून.
मैदानाला कळलं.
मी पिवळं कार्ड काढलं.

मग स्कूटरची हवा गेली, दोन्ही चाकांची.
बायकोला भाजीवालीनं विचारलं,
"तुमचे हे दिवसा पण चष्मा लावतात ना?"
सेव-उसळवाल्यानं तर्रीचा हात आखडला
तो बरीच वर्षं.
कोणी म्हणे, फतेगंजवाल्यांचा यात हात आहे.
हात, हात. मला तो शब्दच नकोसा झाला.
आणि रेल्वेचे निवडकर्ते म्हणे त्या दिवशी
मंडपात बसले होते. मी विचारलं नाही.

लेहरीपुरा दरवाज्याच्या आतल्या गल्लीत
निकुंभ टेलर्स.
इतकी वर्षं वळसा घालून जायचो.
परवा गेलो, अडीच मीटर पॉपलीन घेऊन,
पिशवीत कापडाखाली पुस्तिका.

त्याने ओळखलं. पाणी दिलं.
टेप काढली, पोराला आकडे सांगत गेला:
छाती अडतीस. पोट, राहू दे, चाळीस लिही.
खांद्यावर आल्यावर टेप थांबली.
हाडाच्या टोकावर त्याचा अंगठा,
दाबून नाही, नुसता ठेवलेला.
"मुंढा इथे बसतो, साहेब.
शिवण इथे. हात इथून पुढे."

मी पुस्तिका काढली, आकृतीचं पान उघडलं.
त्याने टाचण्या ओठांत धरल्या होत्या,
त्यामुळे काही बोलला नाही.
हिरवा भाग बघितला, लाल बघितला,
मान हलवली,
शिंपी दुसऱ्या शिंप्याचं काम बघून हलवतो तशी.

"तेव्हा पुस्तकात हे नव्हतं," मी म्हणालो.
त्याने टाचण्या काढल्या, एकेक करून.
"शर्टात होतं," म्हणाला.

आठ दिवसांनी शर्ट आला.
डाव्या बाहीची शिवण खांद्याच्या टोकावर,
सुतासारखी.
उजव्या बाहीची चार बोटं वर,
जवळजवळ कॉलरला टेकलेली.
पावतीवर त्याच्या किरट्या अक्षरात:
उजवी बाही साहेबांच्या निर्णयाप्रमाणे.

शिलाई पूर्ण घेतली. एक रुपया सोडला नाही.

रविवारी शाळेच्या पोरांच्या मॅचला
तोच घालून जातो.
बायको म्हणते, उसवून आणा, लोक हसतात.
अजूनही शपथेवर सांगता येणार नाही मला
काय दिसलं होतं;
सूर्य समोर होता, आणि उद्धवची पाठ.
पण कोणी पोरगं ओरडलं, "सर, हॅन्ड!"
की बोट उचलायला जातो,
आणि कॉलरजवळ काहीतरी ओढतं,
बोट अर्ध्यावर थांबतं,
तेवढ्यात मी पुन्हा एकदा बघून घेतो.