दोन टिंबं

आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं.
स्फाक्सच्या बंदरावर फॉस्फेटची धूळ बसते
तशी रात्री उशिरा नावं बसायची पडद्यावर:
‘खारं लिंबू’, ‘सरडा’, ‘तिसऱ्या मजल्यावरची’.
तिसऱ्या मजल्यावरची मी.
दिवसा औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकायची,
रात्री दार ओढून लिहायची
नळाच्या पाण्याला तेलाचा वास का येतो
आणि असं विचारणारा मास्तर कुठे गेला.

ओळख पटायची ती चुकांवरून.
लिंबू स्वल्पविराम द्यायचंच नाही,
दम संपला की वाक्य तोडायचं.
सरड्याच्या मजकुरात काफ नसायचं,
डोक्यावर दोन टिंबं असलेलं ते अक्षर.
कळ मोडलेली, नव्या कळफलकाला पैसे नाहीत,
इतकंच.
आम्ही हसायचो. कलम त्याच्याकडे लम,
कैद नुसती ऐद, हक्काचा ह तेवढा शिल्लक.
हकीकत लिहायची तर बिचारा दोनदा अडखळायचा.

मार्चमध्ये सरडा गप्प झाला.
नवव्या दिवशी कळलं, त्याचं नाव लसाद,
आई मंजिया, शिवणकाम करते,
आणि चौकीत तिला सांगतात, असा कोणी इथे नाही.

ठरवलं कुणीच नव्हतं.
त्या रात्री लिंबानं काफ गाळलं. मग मी.
मग गाबेसचे दोघं, मग कधी न ऐकलेली नावं.
पहाटेपर्यंत सगळेच सरडे.
रिदा म्हणाला, पोरखेळ आहे,
अक्षर गाळून माणूस सुटतो का?
निघून गेला.
त्याचं चुकलं असं मला अजून म्हणता येत नाही.

शुक्रवारी मंजिया चौकीसमोर उभी राहिली
तेव्हा आम्ही सदतीस होतो, तोंडं अनोळखी,
हातात कागद, कागदावर फक्त दोन टिंबं.
“हे काय लिहिलंय?” पोलिसानं विचारलं.
“अजून काहीच नाही,” म्हणाली
एक साठीची, गणिताची बाई, दम्याची,
दर महिन्याला माझ्याच दुकानातून पंप नेणारी.
तीन शब्दांनंतर तिनं श्वास घेतला
आणि मी लिंबाला ओळखलं.

लसाद जूनमध्ये आला, वीस किलो कमी होऊन.
वर्गणीतून नवा कळफलक घेतला त्याला.
त्यानं पहिल्यांदा हकीकत लिहिली, पूर्ण,
आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

मी अजूनही रात्री दार ओढते, लिहायला बसते.
बोट त्या जागेवरून उडी मारून पुढे जातं.
सवय म्हणा, भीती म्हणा,
नाहीतर आमचं आडनाव म्हणा.
जे उरतं ते वाचून पाहा.
अडलं?