उघडेल तितकं

फैजपूरला बसस्टँडसमोर, रसवंतीच्या माडीवर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म,
आणि दारावर माझ्याच हातानं रंगवलेलं:
फोटो लहान करून मिळेल.

हसतात लोक. पण फॉर्मला माणूस
पन्नास केबीच्या आत लागतो,
सही वीसच्या आत,
आणि शेपटीला जेपीजी.
रोज तीसचाळीस माणसं लहान करतो मी.
कुणाचा गाल खरबरीत होतो,
कुणाच्या नथीचा खडा विरघळून जातो नाकात.
फॉर्म मात्र स्वीकारला जातो.

ज्याच्यावर हे चालतं ते सॉफ्टवेअर फुकटचं.
हेमराज फेगडेनं पेनड्राईव्हवर आणून दिलं,
"वापर. कोनाच्या बापाचं नाही."
मी महिनाभर वाट पाहिली,
आता पैसे मागेल, आता कुलूप लावेल.
एकतिसाव्या दिवशी भीत भीत माऊस दाबला.
उघडलं.
त्याला नऊ वर्षं झाली. मी घेतो एका फोटोचे दहा.
ते माझ्याकडून काही घेत नाही,
हे कधी कधी रात्री शटर ओढताना आठवतं,
मग कुलूप लावायच्या नादात विसरतं.

मे महिन्यात, कूलरचं पाणी संपलेलं असताना
पालहून सुभान तडवी आले.
पिशवीत एक सीडी, जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली.
मागे लेक, दारातच उभी.
"हिची माय हाये याच्यात. जैतून.
एकच फोटो. रावेरले काढला व्हता.
स्टुडिओ बंद झाला, तो मानूसबी गेला.
सावद्याचा पोऱ्या म्हने, हा फोटोच नाही."

सीडी घरघरली, थांबली, परत घरघरली.
आत एकच फाईल. पांढरं कोरं पान,
कशानं उघडू, म्हणून संगणक मलाच विचारत होता.
मी ती ओढून फुकटच्या खिडकीत टाकली.

ते नावावर जात नाही. आत डोकावतं.
म्हणालं: या फाईलचं आडनाव चुकलंय,
आतला मजकूर वेगळा आहे. बदलू का?
हो म्हणालो.
(माणसांच्या दाखल्यावर हेच करायला
तहसीलला सहा खेपा लागतात.)

मग वरून खाली, पट्टी पट्टीनं,
आधी पदराचा काठ, हिरवा.
भांग. कपाळावर घामाचा एक ठिपका,
किंवा सीडीचा ओरखडा, सांगता येत नाही.
भुवया. डोळे.
नाकाच्या शेंड्यापर्यंत आली
आणि पुढे सगळं करडं,
राख सारवल्यासारखं.

मी पुन्हा उघडलं. रूपांतर करून पाहिलं
बीएमपीत, टिफमध्ये, पीएनजीत.
प्रत्येक वेळी ती तिथेच थांबली.
वाचता आलं तेवढं त्यानं दाखवलं,
पुढचं मनानं रचलं नाही.

"एवढीच निंघते का?"
"एवढीच, सुभानभाऊ."
ते खुर्ची ओढून जवळ बसले.
बराच वेळ.
"तोंड नाही आलं, तं नाही आलं.
ती तशीबी कमीच बोले."

आणि मान वळवून दाराकडे पाहिलं.
उन्हामुळे लेकीनं रुमाल बांधलेला,
नाकापासून खाली सगळं झाकलेलं.
वर भुवया. डोळे.

प्रिंट काढली मोठ्या कागदावर.
करडा भाग कापू का, विचारलं.
"राहू दे," म्हणाले, "जागा आहे तिची."
किती झाले, तर दहा म्हणून गेलो सवयीनं,
मग जीभ चावली. त्यांनी दहाची नोट
कीबोर्डवर ठेवलीच.

माठ कोपऱ्यात होता.
लेकीनं पाणी प्यायला रुमालाची गाठ सोडली.
मी प्रिंटरमध्ये कागद नीट करत राहिलो.
सुभानभाऊ बघत होते.