दम

देवगडच्या बर्फाच्या कारखान्यात
चोवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून
मी लाद्या मोजल्या.
समोरून होड्या गेल्या, आल्या,
खलाशांची पोरं खलाशी झाली,
आणि माझ्या पट्ट्याला
चांभार दरसाल एक भोक पुढे पाडत गेला.
शेवटी म्हणाला, आता चामडंच संपलं.

आमच्या घरात पन्नाशी कुणाला धार्जिण नाही.
आजा गेला होडीचा नांगर ओढताना,
थोरले काका लग्नाच्या पंगतीत,
मागचा भात वाढायच्या आधी.
आणि बाबा घाटीत.
खाली बंदर, वर घर,
मध्ये जांभ्याच्या एकशे अठरा पायऱ्या.
रातांब्याखाली ते दम खायला बसले
ते बसलेच.
पिशवीत बांगडे होते.
आईने ते माडाच्या मुळाशी पुरले.

तेव्हापासून मी स्कूटरने जातो,
दोन किलोमीटरचा वळसा घालून.
याला मी बापाची आठवण म्हणायचो.

डॉक्टर मिठबावकर माझ्या मुलीच्या वयाची.
दंडाला पट्टा आवळला, पारा पाहिला,
पुन्हा आवळला.
"एकशे सत्तर. माहीत होतं?"
म्हटलं, आमच्याकडे ते वडिलोपार्जित,
सातबाऱ्यावर नाव आहे.
ती हसली नाही.
"वारसा असेल. पण त्यात रोज भर कोण घालतं?"

विडीचं बंडल मी तिथेच टाकलं,
दवाखान्याच्या दारातल्या डब्यात.
संध्याकाळी दुसरं घेतलं.
खरी सुटली ती अकराव्या आठवड्यात,
कशी ते सांगण्यासारखं नाही:
खिशात लवंगा, तोंडात शिव्या,
आणि कुंदा दोन दिवस माहेरी.

मीठ त्याहून कठीण.
दारात समुद्र आणि ताटात अळणी!
खारा बांगडा गेला, खारातली कैरी गेली,
बरणी फळीवर इतकी वर गेली
की तिच्यासाठीच व्यायाम व्हावा.
एका रात्री चुलीपाशी
मी उडदाचा पापड भाजताना सापडलो.
कुंदा काही बोलली नाही.
अर्धा मोडून तिने स्वतः खाल्ला.

चालणं सुरू झालं पुळणीवरून.
सपाट चाला, घाटीचं नाव नको,
असा बाईंचा दम होता.
ओहोटीची ओली वाळू, पहाटेचा काळोख,
कुर्ल्यांची बिळं चुकवत मी.
रापणीवरून जुवांव ओरडला,
"गाडी बंद पडली काय रे?"
"नाय रे, मी बंद पडा नये म्हणान चलतंय."
"मगे वायच दोरी ओढ."
ओढली. तळहाताला फोड आले,
आणि वाट्याला चार पेडवे.
ते तळले नाहीत, सार केलं,
आगळ घालून, मिठाला जरा फसवून.

गोळी रोज सकाळी. तीही विसरलो अधूनमधून.
पावसाळाभर चाललोच नाही, खोटं कशाला बोलू.
नवरात्रात पुन्हा पहिल्यापासून.

माघात पारा एकशे अडतीसवर आला
तेव्हा बाई म्हणाल्या,
आता घाटी चढा. थांबत थांबत.
छातीत काही वाटलं तर तिथेच बसा, फोन करा.

जांभा तसाच होता,
कडांना शेवाळ वाळलेलं.
चाळीस. पन्नास.
रातांब्याखाली दम लागला.
बाबांच्या पायरीवर बसायचं असं ठरवून आलो होतो,
तिच्यावरून कोणाची तरी शेळी हलेना.
मी एक पायरी वर बसलो.

काळीज धडधडत होतं
कारखान्यातल्या कॉम्प्रेसरसारखं.
तो मी चोवीस वर्षं ऐकला,
किंचित सूर बदलला तरी फिटरला हाक मारली.
हे कधी ऐकलं नव्हतं.
ऐकत राहिलो. सावकाश खाली आलं,
भरती उतरावी तसं,
आपल्या वेळेने.

मग उठलो.
एवढंच सांगायचं होतं: उठलो.
वर अजून त्रेपन्न पायऱ्या होत्या,
आणि घरी नाचणीची भाकरी,
बिनमिठाची,
जी मला अजूनही आवडत नाही.