पेरभर

क्लाक्सविकला कॉड मासे सोलून सोलून
रानवाचे हात आधी लाल झाले, मग उलले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या :
तर्जनीच्या पेरावर मावेल एवढंच मलम,
दोन तळव्यांना पुरतं.
पंधरा दिवस. पुढे नको.

तिसऱ्या रात्री खाज निजली
आणि रानवाही, कितीतरी महिन्यांनी,
हात उशीखाली न दाबता.
अशी झोप पंधराव्या दिवशी कोण परत करतं?

ट्यूब ती शेपटाकडून गुंडाळत राहिली.
दुसरी. पाचवी, मावसबहिणीच्या नावावरची.

आता कातडी
माशाच्या पोटातल्या पापुद्र्यागत.
हजेरीचं यंत्र बोट चाचपतं,
म्हणतं : पुन्हा ठेवा.
पुन्हा.

मुकादम होग्नी कानामागची पेन्सिल काढतो,
वहीत तिचं नाव लिहितो,
अकरा वर्षांनी पहिल्यांदाच
स्पेलिंग विचारून.