एक दाणा कमी

तलासच्या खोऱ्यात, शाळेच्या जेवणघरात
आम्ही टेबलावर कुरण अंथरलं:
हिरव्या पुठ्ठ्याचे छत्तीस चौकोन.
मेंढ्या, म्हणजे प्लास्टिकच्या सोंगट्या,
बिश्केकलाच राहिल्या होत्या.
कुमुशाय आत गेली
आणि राजम्याचे दाणे घेऊन आली. मोजून. एकशेवीस.
"परत हवेत," म्हणाली.

एक फेरी म्हणजे एक उन्हाळा.
चौकोनात पाचाहून जास्त दाणे चरले
की पुठ्ठा उलटायचा. खाली पिवळा.
पिवळ्याखाली काही नाही, टेबल.

तिसऱ्या उन्हाळ्यात रस्त्याकडचे सगळे चौकोन पिवळे.
माझ्या लॅपटॉपनं हेच भाकीत केलं होतं;
मी खूश झाले, नको तितकी.
वरचे बारा मात्र हिरवेगार, कुणी फिरकेना.
"तिकडे का नेत नाही?"
ओमुरझाक माझ्याकडे बघत राहिला,
कळप चुकलेल्या कोकराकडे बघावं तसा.
"पूल कुठाय?"

माझ्या कुरणात नदीच नव्हती.
पूल वाहून गेला त्या साली
त्याच्या थोरलीचं लग्न होतं, एवढं त्याला आठवतं.
साल नाही.

त्यानं काडेपेटी काढली,
दोन काड्या आडव्या ठेवल्या
आणि आपले दाणे एकेक करून पलीकडे नेले,
घाई न करता, मधे एकदा थांबून.
कुणी हसलं नाही.
मग पुलाचा खर्च कुणी द्यायचा यावरून पेटलं,
खरंखुरं, खुर्च्या सरकवून.
शार्शेनबेकचा आवाज चढला,
बुर्मा विधवेची अकरा मेंढरं
इतकी वर्षं कोण फुकट वळतंय, हेही निघालं.
मी वहीत लिहिलं: फुकट.
पुढे आकडा सुचेना.

संध्याकाळी कुमुशायनं दाणे पातेल्यात टाकताना मोजले.
एकशे एकोणीस.
तिचा नातू तिलेक खिडकीतून डोंगर बघत होता,
खिशावर हात ठेवून.
"लांडगा," तो म्हणाला.
"लिहून घे," ती मला म्हणाली,
आणि नळ सोडला.

रात्री घेतलं लिहून.
पूल बांधला, तर वरचे बाराही पिवळे पडले,
जरा सावकाश.
लांडगा सोडला, तर गवत दोन उन्हाळे जास्त टिकलं;
पुन्हा चालवून पाहिलं, तरी दोनच.

बुर्माची अकरा मेंढरं
अजून कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.
ती बाहेर चरताहेत.