जरा

डिसेंबर लागला की अलकापुरीतल्या दवाखान्यांतून
माझ्याकडे तोंडं यायला लागतात.
प्लास्टरची, डब्यात घातलेली, वर चिठ्ठी:
नाव, गाव, दाताची छटा, परतीचं विमान.
अमीन, न्यू जर्सी, नऊ तारीख, रात्रीचं.
पटेल, नैरोबी, सहा. अर्जंट.
तिकडे एका दाढेला पडतात तेवढ्यात
इथे अख्खी बत्तिशी, जायचंयायचं तिकीट,
वर भाचीचं लग्नही उरकतं.

दांडिया बाजारात, मांज्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
लिफ्ट नाही. माणसं मी पाहत नाही.
कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूनं चावतं,
एवढंच मला माहीत असतं त्यांच्याबद्दल.
डॉक्टर मजमुदार म्हणतात, पांढरे ठेव मोहिते,
अजून पांढरे,
लाइट गेले तरी कवळी सापडली पाहिजे.

उत्तराण उलटून दोन दिवस झाले होते.
दिघे, लेस्टर, बावीस तारीख,
स्वतः जिना चढून आल्या.
नऊवारीवर तपकिरी कोट.
पाणी प्यायल्या, दात काढून रुमालात ठेवले,
मग पुन्हा बसवले आणि म्हणाल्या,
चांगले केलेत हो. काल सेव-उसळ खाल्ली.
पण माझा च गेला.

कुठला च?

चहाचा आहे. चाकाचा गेला.

तिकडे मराठी बोलायला कोण आहे मला.
रविवारी फोनवर धाकटी बहीण, इथली, बाजवाड्यातली.
तिला आता दिसत नाही.
विमानतळावरून थेट तिच्याकडे गेले, बोळकं घेऊन,
तर आवाजावरून ओळखलंन.
काल हे दात घालून गेले
तर सुनेला विचारते, कोण आलंय गं?

मी निळा कागद घेतला.
पुढच्या दातांची मागची बाजू, जिथं जिभेचं टोक टेकतं,
तिथं केसभर जास्त होतं.
घासलं. म्हणा, चाक.
च्याक.
पुन्हा घासलं.
च्याक.
तुम्ही म्हणून दाखवा, त्या म्हणाल्या.
मी म्हटलं.
त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग हसल्या,
अहो, तुमचाही गेलाय.

माझे सगळे दात माझेच आहेत. एक किडका नाही.
आजोबा इथे आले, बायको नडियादची,
मुलगी पानात च्यटणी मागते
आणि मी वाढतो.

मग आम्ही दोघं बसलो, पहिलीच्या वर्गासारखे.
चूल. चमचा. जाळं. झाड. झोप.
खाली दुकानदार उरलेला मांजा फिरकीला गुंडाळत होता,
त्याची कर्रकर्र, माझ्या यंत्राची घरघर,
मध्येच त्यांचा एखादा शब्द.
अजून जरा, त्या म्हणाल्या.
थोडंसं म्हणायचं होतं.
निघालं म्हातारपण.
दोघांनाही ऐकू आलं. कुणी काही बोललं नाही.

मी अजून घासलं. इतकं की आतला गुलाबी दिसायला लागला,
मजमुदार पाहतील तर ओरडतील.

जरा, त्या म्हणाल्या.
थुंकीच्या बारीक शिंतोड्यासकट,
दाताला टेकून, जीभ मागे घेऊन, जरा.
जरा, जरा.
चष्मा काढून पुसला. माझ्या हातावरही उडाली होती.

पैसे किती, विचारलं. चिठ्ठीवर मी लिहिलं:
छटा तीच. मागून केसभर कमी. चार्ज नाही.
कठड्याला धरून त्या उतरू लागल्या
तेव्हा वरून म्हटलं, जपून जा.
दोन्ही शब्द दाताचे.
पहिला बसला असावा.
दुसऱ्याला त्या वळणावर थांबल्या,
वर बघितलं नाही,
नुसतंच म्हणाल्या, पुन्हा.

टेबलावर पुढचं तोंड उघडं पडलं होतं.
शाह, टोरांटो, उद्या पहाटेचं.